ऑपरेशनं मोजू नका, नजर मोजा!

मोतीबिंदूचं फुकट शिबिर. मंडप, हारतुरे, पुढाऱ्याचं भाषण. रांगेत कोण? शेतमजूर, हमाल, झोपडपट्टीतल्या म्हाताऱ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा : इतकी ऑपरेशनं झाली! पट्टी सुटल्यावर म्हातारीला नातवाचं तोंड दिसलं का? तो आकडा कोण छापतो?

अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ चा. उद्दिष्ट ऑपरेशनांचं, संस्थांना अनुदानही ऑपरेशनामागं. नजरेमागं नाही.

नोव्हेंबर २०१५. मध्य प्रदेशातलं बडवानी, आपल्या नंदुरबारला लागून असलेला आदिवासी जिल्हा. सरकारी शिबिरात चाळीसहून जास्त लोकांचा डोळा संसर्गानं गेला. बोभाटा झाला म्हणून कळलं. पण एकेकटे, गुपचूप विझतात त्या डोळ्यांचं काय? ते 'म्हातारपण', 'नशीब' म्हणून खपवले जातात. नशीब कसलं डोंबलाचं!

मोजायला साधन नाही, ही सबब आता चालणार नाही. साधन खिशात आहे. 'पीक' नावाचं मोबाइल ॲप केनियात नाकुरूला गावोगाव तपासलं गेलं. २०१५ साली निष्कर्ष छापून आला : फोननं मोजलेली नजर नेहमीच्या तक्त्याशी जुळते. पडद्यावर इंग्रजी 'ई' फिरतो. त्याचं तोंड कुठं, ते बोटानं दाखवायचं. अक्षरओळख लागत नाही. मोजायला डॉक्टरही लागत नाही. 'बूस्ट' हे दुसरं ॲप तर ऑपरेशनचा दर्जा तपासायलाच बनवलंय. ज्याला नीट दिसत नाही त्याचं कारण नोंदवा : डोळ्यात दुसरा रोग होता, ऑपरेशनात बिघडलं, की नुसता चष्मा द्यायचा राहिला? चष्म्यावाचून आंधळं! हे वाचून टाळकं फिरत नाही?

"पेशंट परतच येत नाहीत हो!" रोज बुडवून कोण येईल? २०१३ च्या एका अभ्यासात, आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या दवाखान्यांत, दिसून आलं की पहिल्या तीन दिवसांत मोजलेली नजरही दवाखान्याचा दर्जा सांगते. संसर्ग नंतरही होतो. त्यासाठी तुम्ही आमच्या दारी या.

पण मित्रांनो, फोन आला म्हणून हुरळून जाऊ नका. आकडा साहेबाच्या कपाटातच राहिला तर फोन म्हणजे नुसती नवी खतावणी. टक्केवारी चांगली दिसावी म्हणून अवघड डोळ्याची म्हातारी दारातूनच परत पाठवतील. बिघडलं की खापर आशाताईवर फोडतील.

म्हणून आपलं मागणं साफ आहे. ऑपरेशनआधीची आणि नंतरची नजर पेशंटच्या कागदावर, त्याच्या भाषेत लिहा. दवाखान्याचा निकाल दाराबाहेर फळ्यावर लावा. किती जणांना परत पाठवलं, का पाठवलं, तेही लावा. चष्मा झाल्याशिवाय ऑपरेशन पुरं झालं म्हणू नका.

फुकट दिलं म्हणून हिशेब द्यायचा नाही, असं कुठं लिहिलंय? डोळा आमचा आहे. हिशेब द्या!