चूक वेळापत्रकाची, शिक्षा कामगाराला

५ डिसेंबर २०२५. चंद्रपूर-गडचिरोलीकडची आमची माणसे भाकरी बांधून, रेल्वेच्या डब्यात दाटीवाटीने बसून दादरच्या चैत्यभूमीकडे निघाली होती. त्याच दिवशी देशातले विमानतळ रेल्वे फलाटासारखे भरून गेले होते. इंडिगो या सर्वात मोठ्या विमान कंपनीची ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. विमाने होती, इंधन होते, तिकिटे तर केव्हाच विकली होती. कमी पडले ते विमान चालवणारे वैमानिक!

सावलीच्या वाचकाला वाटेल, आपल्याला विमानाशी काय करायचे? आमचे म्हणणे आहे की करायचे आहे. कारण प्रश्न विमानाचा नाही, कामाच्या तासांचा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांसाठी नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीच्या वेळेत सहा वेळा विमान उतरवण्याची मुभा होती, ती दोनवर आणली. कंपन्यांनी कुरकुर केली आणि अंमलबजावणी लांबली. वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. म्हणजे तयारीला जवळजवळ बावीस महिने मिळाले. तरीही ड्यूटीचा तक्ता कोलमडला. नियोजनात त्रुटी राहिल्याचे कंपनीने मान्य केले. चौकशीतही हेच निघाले की माणसे आणि विमाने यांच्याकडून जास्तीत जास्त काम काढण्याच्या हव्यासात तक्त्यात राखीव जागाच ठेवली नव्हती. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड झाला.

पण दंडाच्या आधी काय झाले? ५ डिसेंबरलाच सरकारने या कंपनीला रात्रपाळीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून धरू नये, हे कलम तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतले. चूक मालकाची आणि कात्री कामगाराच्या झोपेला! ज्या बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा पुढे नेला, त्यांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या दिवशी हे घडले. याला आम्ही केवळ योगायोग म्हणून सोडून देणार नाही.

वैमानिक संघटनांनी या सवलतीला विरोध केला, तो योग्यच होता. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर एक वैमानिक उड्डाणापूर्वी कोसळला आणि मरण पावला. तो मृत्यू थकव्यानेच झाला असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून वैमानिकाची झोप हा सार्वजनिक प्रश्न झाला.

संघटना असली की काय फरक पडतो, ते अमेरिकेत दिसले. २०१७ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या संगणकाने चुकून डिसेंबरच्या ऐन गर्दीत भलत्याच संख्येने वैमानिकांना रजा देऊन टाकल्या. हजारो उड्डाणांना वैमानिक उरला नाही. कंपनीने परस्पर दीडपट पगाराची घोषणा केली. अलाईड पायलट्स असोसिएशनने विचारले, आम्हाला न विचारता ठरवणारे तुम्ही कोण? कंपनीला बोलणीला बसावे लागले आणि तडजोड झाली. दिलेली रजा काढून घेतली नाही. चुकीचा भुर्दंड चूक करणाऱ्याने भरला.

आमच्याकडे २००९ मध्ये जेट एअरवेजने संघटना उभारण्यात पुढे असलेल्या दोन वैमानिकांना काढून टाकले. तेव्हा शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारी रजेवर गेले आणि काढलेल्यांना परत घ्यावे लागले. आज ती वाट अरुंद झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या कामगारांनी मिळून किरकोळ रजा घेतली तरी तो संप ठरतो, आणि संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते. १९३८ मध्ये संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात लढले आणि ७ नोव्हेंबरला रस्त्यावरही उतरले. १९४३ मध्ये मालकांनी कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनीच मांडले. हा वारसा आम्ही विसरायचा काय?

कुणी म्हणेल, लाखांत पगार घेणारा वैमानिक आमच्या लढ्यात कधी आला होता? खरे आहे. २०२१-२२ मध्ये एसटीचे कर्मचारी महिनोन्महिने संपावर होते, निलंबन आणि बडतर्फी सोसत होते, तेव्हा विमानतळावरून कुणी धावून आले नाही. पण हक्क हा माणूस पाहून द्यायचा नसतो. लाखांत पगार आणि हाताशी वकील असलेल्याची झोप सरकार एका दिवसात काढून घेऊ शकते, तर मुक्कामी गाडी घेऊन जंगलातल्या गावी रात्र काढणाऱ्या चालक-वाहकाचे, भातगिरणीतल्या हमालाचे, वनमजुराचे काय? त्यांच्या कामाचा तर धड तक्ताही नसतो.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. ड्यूटीचा तक्ता आधी लेखी मिळाला पाहिजे. थकलो आहे असे सांगणाऱ्यावर कारवाई होता कामा नये. विश्रांतीचा नियम शिथिल करण्यापूर्वी संघटनेला विचारलेच पाहिजे. आणि नियोजन चुकले तर त्याची किंमत नियोजन करणाऱ्याने मोजावी.

सावलीच्या बसथांब्यावर शेवटच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांनी, गाडी आल्यावर चालकाचे डोळे एकदा पाहावेत. आपला जीव त्याच्या झोपेवर अवलंबून आहे. त्याच्या झोपेची लढाई म्हणूनच आपलीही लढाई आहे.