पाट्या पुरे, प्रभाग सांगा

पुण्याबद्दल लिहायला बसलं की तीन गोष्टी आपोआप बोटांवर येतात. पाट्या, एक ते चार आणि चितळे. तर ते आधी उरकून घेतो. पाट्या आता भिंतींपेक्षा फॉरवर्डमध्येच जास्त सापडतात. आणि चितळ्यांनी दुपारची झोप २०१७ मध्येच मोडली. पण 'पुणेरीपणा' नावाच्या मालाचा खप मात्र वाढतोच आहे. टी-शर्टवर, मगवर, रील्समध्ये... आणि हिंजवडीच्या कॅफेटेरियात सुद्धा. तिथे चार वर्षांपूर्वी नांदेडहून आलेला मुलगा दोन वर्षांपूर्वी रायपूरहून आलेल्या मुलाला "तुम्हा बाहेरच्यांमुळे पुण्याची वाट लागली" असं ऐकवतो. मग दोघंही कंपनीच्या एकाच बसमध्ये बसून, एकाच ट्रॅफिकमध्ये अडकून वाकडला परततात :)

'खरा पुणेकर कोण' या वादाला माझा विरोध नाही. वाद चालू राहावा, नाहीतर पुणं कसलं! माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण चुकीचे पुरावे मांडतोय.

जन्माचा पुरावा घ्या. पुणेकर कसं व्हायचं याचे धडे सगळ्या महाराष्ट्राला ज्यांनी दिले ते पु. ल. देशपांडे जन्मले मुंबईत आणि वाढले पार्ल्यात. सवाई गंधर्व महोत्सव नसेल तर पुण्याचा डिसेंबर कसला? तो सुरू करणारे भीमसेन जोशी मूळचे कर्नाटकातल्या गदगचे. 'वैशाली'चे जगन्नाथ शेट्टी कर्नाटकातून आलेले. गुडलक आणि कयानी इराण्यांचे. आणि ज्यांच्या बाकरवडीवर आपण एवढा हक्क सांगतो ते चितळे सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीचे. म्हणजे जन्माची अट लावली तर पुणेरीपणाच्या यादीतली निम्मी नावं पहिल्याच राऊंडमध्ये बाद होतात.

मग पेठेचा पुरावा. 'अस्सल पुणेरी' म्हटलं की लोकांना सदाशिव, नारायण, शनिवार दिसतात. पण जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेत भिडेवाड्यात, म्हणजे आजच्या दगडूशेठ गणपतीच्या समोर. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला तोही पुण्यातच. दगडूशेठला रांगा लावणाऱ्या किती जणांनी मान वळवून समोर बघितलं असेल? तो वाडा वर्षानुवर्षं पडक्या अवस्थेत उभा होता. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. खवचटपणा हे पुण्याचं वैशिष्ट्य म्हणून आपण मिरवतो, आणि देशाला दिशा देणारी गोष्ट समोरच्या फुटपाथवर विसरतो. गंमतच आहे.

आता माझा मुद्दा. फुले, टिळक, गोखले, न. चिं. केळकर आणि आचार्य अत्रे. यातल्या कुठल्याही दोघांना एका खोलीत बसवलं असतं तर तासाभरात भांडण झालं असतं. पण या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे पुण्याची नगरपालिका. फुले १८७६ पासून काही वर्षं तिचे सदस्य होते. टिळक तिच्यावर निवडून गेले होते. गोखले आणि केळकर अध्यक्ष झाले. अत्रेही निवडून गेले. देशाचं राजकारण, समाजसुधारणा, साहित्य, नाटक एवढं सगळं पाठीशी असलेल्या माणसांना आपल्या गावातल्या नळ-गटार-दिवाबत्तीच्या सभेत बसणं कमीपणाचं वाटलं नाही. माझ्या मते पुणेरीपणाची खरी परंपरा ही आहे. पाट्या नंतरच्या.

आणि आज? पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात अडकला आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. २०२५-२६ चं बारा हजार कोटींच्या वरचं बजेट एका अधिकाऱ्याने मांडलं आणि त्यानेच मंजूर केलं. कुठल्याही टीममध्ये कोड लिहिणाऱ्यानेच स्वतःचा रिव्ह्यू करून प्रॉडक्शनला टाकला तर आपण केवढा आरडाओरडा करतो! इथे चार वर्षं हेच चाललं होतं. या काळात मिसळीवर किती चर्चा झाल्या आणि यावर किती झाल्या, ते तुम्हीच आठवून बघा.

"नगरसेवक नव्हते तर बरंच होतं की, फ्लेक्स तरी कमी लागले" असं म्हणणारे मला बरेच भेटले. त्यांच्यासाठी सिंहगड रोडचं उदाहरण देतो. ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्यातलीच. (आधी २०१७ मध्ये ११ आली होती. या सगळ्यामुळे पुणं क्षेत्रफळात मुंबईच्याही पुढे गेलं, त्याचं आपल्याला केवढं कौतुक!) गावं आत आली तशा ग्रामपंचायती गेल्या. म्हणजे सरपंच गेला. आणि नगरसेवक तर आलाच नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गिया बारे म्हणजे जीबीएसचा उद्रेक झाला. चालती-बोलती माणसं हातापायातली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर गेली. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. ही गावं खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी आहेत. ज्या पाण्यावर सगळं पुणं जगतं ते यांच्या शेजारून वाहत शहरात येतं, आणि इथल्या नळाला मात्र नीट शुद्ध केलेलं पाणी नव्हतं.

नगरसेवक असता तर हे टळलं असतं का? छातीठोक कोणीच सांगू शकणार नाही. पण पाण्याला वास येतोय म्हटल्यावर रात्री अकरा वाजता ज्याच्या दारात जाऊन बोंब मारता येते असा एक तरी माणूस असता. निवडून आलेल्या माणसाचा मुख्य उपयोग हाच असतो. तो हुशार असतो किंवा स्वच्छ असतो असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्याला पुन्हा मतं मागायला यायचं असतं, एवढं पुरे.

म्हणून मी पुणेकर असण्याची एक नवी परीक्षा सुचवतो. तीनच प्रश्न आहेत, निगेटिव्ह मार्किंग नाही.

प्रश्न पहिला. तुमच्या घरात पाणी कुठून येतं? 'टँकर' हे उत्तर बाणेर, वाघोलीवाल्यांना माफ. बाकीच्यांसाठी: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी. आणि हे पाणी एकट्या पुण्याचं नाही, त्यातूनच कालव्याने दौंड-इंदापूरची शेती भिजते. आपण गाडी धुतो तेव्हा त्यात कोणाच्या तरी उसाचा वाटा असतो. (उसावरही बोलता येईल, पण तो वेगळ्या वीकएंडचा विषय आहे.)

प्रश्न दुसरा. तुमचा कचरा कुठे जातो? उत्तराला फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं नाव यायला हवं, कारण वर्षानुवर्षं आख्ख्या शहराचा कचरा या गावांच्या माथी मारला गेला. पुढे ही दोन गावं महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये बाहेरही पडली. आणि रोज सकाळी आपल्या दारातून कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई पगारी नोकर नाहीत, सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. कचरावेचकांची संघटना १९९३ ची, महापालिकेशी करार २००८ चा. आपल्या स्टार्टअपच्या गप्पांमध्ये हे मॉडेल कधी येत नाही, कारण त्याचं अ‍ॅप नाही आणि पिचडेक नाही.

प्रश्न तिसरा, आणि सगळ्यात जास्त मार्कांचा. तुमचा प्रभाग कुठला आणि मतदारयादीत तुमचं नाव कुठे आहे? मिळकतकरातली ४० टक्के सवलत जाऊ नये म्हणून पीटी-३ फॉर्म कुठे भरायचा हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे. पण नाव लातूरहून, जळगावहून किंवा इंदूरहून इकडे आणायला फॉर्म ८ लागतो, हे दहातल्या दोघांना ठाऊक असेल. लोकसभेला पुणे मतदारसंघात २०१९ मध्ये निम्म्याहून किंचित कमी मतदान झालं, २०२४ मध्ये निम्म्याच्या थोडं वर गेलं. महापालिकेत तर आणखी एक गोंधळ आहे. पुण्यात एका प्रभागाचे चार-चार नगरसेवक. (मुंबईत एका वॉर्डाला एकच.) खड्ड्यासाठी कोणाचा गळा धरायचा? चौघांपैकी प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवणार. या पद्धतीविरुद्ध खरं तर सगळ्या पुण्याने पाट्या लावायला हव्यात.

हिंजवडीची तर त्याहून मजा. हजारो कोटींचं सॉफ्टवेअर निर्यात करणारा हा भाग २०२५ च्या पावसाळ्यात पाण्याखाली गेला तेव्हा तो ना पुणे महापालिकेत होता ना पिंपरी-चिंचवडमध्ये. ग्रामपंचायत, एमआयडीसी, पीएमआरडीए, पीडब्ल्यूडी... रस्ता कोणाचा हे शोधण्यातच पाऊस संपायची वेळ आली. आपण तिथे दिवसाचे दहा तास काढतो, पण तिथल्या कोणाचेच मतदार नाही. राहतो त्या गावात मत नाही, मत आहे त्या गावात राहत नाही. मग राजकारणी आपल्याला विचारत नाहीत याचं नवल कशाला? त्यांच्या एक्सेलमध्ये आपली रो-च नाही.

राहिला प्रश्न मराठीचा. तो राहू नये, कारण मला तो महत्त्वाचा वाटतो. पहिलीपासून हिंदीचा निर्णय जून २०२५ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला याचा मला आनंदच झाला. पण कोणाला दम देऊन मराठी बोलायला लावण्यात मला काही मर्दुमकी दिसत नाही. भाषा शिकावीशी वाटते ती तिच्यात काहीतरी काम निघतं तेव्हा. पुण्यात मराठीत कामं होतात ती क्षेत्रीय कार्यालयात, पाण्याच्या तक्रारीच्या खिडकीवर, गणपती मंडळाच्या मीटिंगमध्ये, टेकडी वाचवायच्या मोर्चात. २०२३ साली वेताळ टेकडीसाठी लोक रस्त्यावर उतरले तेव्हा टेकडी कोणालाच मातृभाषा विचारत नव्हती. रायपूरच्या त्या मुलाला एकदा क्षेत्रीय कार्यालयात नेऊन बघा. दोन तासांत 'साहेब जेवायला गेलेत' आणि 'उद्या या' एवढं अस्खलित मराठी तो नक्की शिकेल :)

असो. पुढच्या वेळी कोणी "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं, तर खुशाल सांगा, नांदेडचा, रायपूरचा, कुठलाही. आणि लगेच उलट विचारा, "तुमचा प्रभाग कुठला?" समोरच्याला उत्तर आलं नाही, तर तो सदाशिव पेठेत सात पिढ्या राहत असला तरी माझ्या लेखी तो अजून पाहुणाच. दुपारी एक ते चारमध्ये आलेला.