विश्लेषण : सातारा-सांगलीकरांची कोकण सहल आणि दाभोळ खाडीचे घड्याळ

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाहने कुंभार्ली घाट उतरू लागतात. चिपळूण, गुहागर, दाभोळ, हर्णै ही ठिकाणे आता घाटमाथ्यावरच्या कुटुंबांना घरच्यासारखी झाली आहेत. पण नदीकाठी वाढलेल्या माणसाला खाडी नदीसारखीच वाटते, आणि धोका नेमका तेथेच सुरू होतो. खाडीचे वेळापत्रक कसे चालते, ते घरच्या कॅलेंडरवरून कसे ओळखायचे आणि खाडीकाठच्या माणसांचे काय पणाला लागले आहे, याचा हा आढावा.

सातारा-सांगलीचा या खाडीशी संबंध काय?

संबंध पाण्याचा आहे आणि रस्त्याचाही. पाटण तालुक्यातील कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातील ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवता येते. हे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातील वीजगृहांत उतरते आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठी नदीत येते. म्हणूनच कोकणातील बहुतेक नद्या मे महिन्यात आटलेल्या असताना वाशिष्ठी वाहती दिसते. पुढे हीच नदी दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. धरणातून पूर्वेला सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीच्या आयर्विन पुलाखाली जाते. पश्चिमेला वळवलेले दाभोळला पोहोचते.

रस्ताही तसाच जुना. गुहागर-विजापूर मार्ग चिपळूण, पाटण, कराड, विटा, जत असा जातो. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातील मोठे बंदर. घाटावरचा माल येथून जहाजांवर चढत असे. पंधराव्या शतकात भारतात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन परतीच्या वाटेवर दाभोळहूनच जहाजात बसला. आज त्या मार्गावर मालाऐवजी पर्यटक उतरतात, एवढाच फरक.

खाडी म्हणजे नदी की समुद्र?

दोन्ही, आणि दर सहा तासांनी वेगळी. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. ओहोटी लागली की हे सगळे पाणी, वर नदीचे गोडे पाणी घेऊन, दाभोळ आणि अंजनवेल यांच्यामधील मुखातून बाहेर पडते. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला त्या वेळी मोठी ओढ असते.

गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या या मिसळीतच खाडीची श्रीमंती आहे. काठावर कांदळवने वाढतात, त्यांच्या मुळांत मासे-कोळंबीची पिल्ले वाढतात. बोय, शिंगाळा, खेकडे, कालवे, तिसऱ्या हे खाडीचे खास उत्पन्न. वाशिष्ठीत मगरीही आहेत आणि चिपळूण परिसरात त्या पाहण्यासाठी होड्या सुटतात. कृष्णाकाठच्या सांगलीकरांना मगरीचे नवल नाही. पण त्यामुळेच ‘आपल्याकडेही असतात’ म्हणत येथे पाण्यात पाय सोडून बसणे शहाणपणाचे नाही.

पोहता येणाऱ्यांनाच धोका का?

विहिरीत किंवा कृष्णेत पोहायला शिकलेला माणूस समुद्रात जास्त आत जातो. नदीचा प्रवाह एका दिशेचा असतो. थकले की काठ जवळ असतो. किनाऱ्यावर लाटेसोबत आलेले पाणी मात्र परत फिरताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत खेचले जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटताना कमी दिसतात, म्हणून नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडलेला पोहणारा थेट किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचे आणि मग लाटांबरोबर परतायचे, हा उपाय आहे. बुडणाऱ्याला वाचवायला हातात दोर, हवा भरलेली ट्यूब असे काही नसताना उडी घेणे म्हणजे दुसरा जीव धोक्यात घालणे. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरूच नये.

भरतीची वेळ कशी ओळखायची?

घराच्या भिंतीवरचे तिथीचे कॅलेंडर त्यासाठी पुरते. कोकणात एक ढोबळ हिशेब चालत आला आहे : तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. आणि भरती दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते : पाणी जास्त चढते आणि तितकेच जोरात उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती सौम्य असते. म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्यासाठी आखलेली सहल नेमकी उधाणात येते. हा हिशेब अंदाजापुरता आहे. जागेनुसार वेळ थोडी मागेपुढे होते. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकांत मिळतात आणि त्याहून सोपे म्हणजे गावातल्या मच्छीमाराला विचारावे. वाळूवर गाडी उतरवण्याचा मोह तर टाळलेलाच बरा. ओहोटीत टणक लागणारी पुळण भरतीत चाके गिळते.

मासळीचा हंगाम कोणता?

हर्णैच्या किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव, समोर समुद्रात उभा सुवर्णदुर्ग, हे कोकण सहलीतील मोठे आकर्षण. पण १ जून ते ३१ जुलै हा काळ यांत्रिक नौकांच्या मासेमारी बंदीचा असतो. माशांच्या प्रजननासाठी ही बंदी असते आणि खवळलेल्या समुद्रामुळे मच्छीमारांच्या जिवासाठीही ती गरजेची आहे. या दिवसांत ताटात सुरमई-पापलेट आलेच तर ते बहुधा बर्फातले. पावसाळी सहलीत त्यांचा आग्रह न धरता खाडीत मिळेल ते, किंवा सुकट-बोंबील खाणे हे चवीलाही बरे आणि समुद्रालाही. शिवाय पावसाळ्यात घाटही भरवशाचा नसतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यात दरडींनी माणसे गाडली आणि सांगलीत कृष्णेचे पाणी शिरले.

खाडीकाठाचे काय पणाला लागले आहे?

पर्यटकाची सुट्टी दोन दिवसांची. मच्छीमाराचे पोट बारा महिन्यांचे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतील मच्छीमार अनेक वर्षे तक्रारी करीत आले आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली होती. वाशिष्ठीत येणारे कोयनेचे पाणी मुंबईकडे नेण्याचे प्रस्तावही अधूनमधून पुढे येतात. त्या चर्चेत ‘वाया जाणारे पाणी’ हा शब्दप्रयोग सर्रास होतो. खाडीत पोहोचणारे गोडे पाणी कमी झाले तर मासळीचे आणि कांदळवनाचे काय होईल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

करायचे काय?

उपाय फार खर्चाचे नाहीत. चिपळूण आणि गुहागरचे एसटी स्थानक, दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा धक्का, प्रत्येक निवास-न्याहारी घर येथे त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ मराठीत ठळक लिहिलेली असावी. धोक्याच्या जागी लाल बावटा आणि सुट्टीच्या दिवसांत जीवरक्षक असावेत. हे जिल्हा प्रशासन आणि ग्रामपंचायतींचे काम आहे. सहली नेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी मुक्कामाच्या पत्त्याबरोबर तिथीही पाहावी. आणि प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या ज्या गाडीतून आल्या त्याच गाडीतून घाट चढून परत न्याव्यात. गुहागर-दाभोळला निघणाऱ्याने घाट उतरण्याआधी तिथी पाहिली, तर सहलीची अर्धी तयारी घरीच होते.