रक्तातून जाणारा निरोप

आमच्या आनंदनगरातील पशुरोग प्रयोगशाळेचे नाव २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांमुळे घरोघरी पोहोचले. बर्ड फ्लूचे निदान येथेच झाले होते. आज मात्र वाचकांना सांगावयाची आहे ती कोंबड्यांचीच, परंतु फार जुनी हकीकत.

गोऱ्ह्याला खच्ची केले की तो वळू न होता शांत बैल होतो, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ‘मनोबल खच्ची होणे’ हा वाक्प्रचारही तेथूनच आला. पण वृषण काढल्याने दूरवरचा तुरा का सुकावा? १८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे बेर्टोल्ड यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. दोघांचे वृषण काढून टाकले. ते ना आरवले, ना भांडले. उरलेल्यांच्या पोटात एकेक वृषण मूळ जागेवरून सोडवून ठेवले, दोघांना तर परस्परांचे. त्यांचा तुरा वाढला, बांगही घुमली. पुढे पोट उघडून पाहता त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या; जुने मज्जातंतू मात्र जुळले नव्हते. म्हणजे निरोप जात होता तो रक्तातून! ‘हार्मोन’ हा शब्द त्यानंतर अर्धशतकाने, १९०५ साली आला. आपण त्यास संप्रेरक म्हणतो.

१९२० च्या दशकात पॅरिसमध्ये व्होरोनॉफ यांनी वानरांच्या वृषणाच्या चकत्या धनिक वृद्धांना जोडून तारुण्याचा बाजार मांडला. परकी ऊती शरीर टिकू देत नाही, त्यामुळे हाती काहीच लागले नाही. भिंतींवर ‘ताकदी’च्या जाहिराती रंगविणारे वैद्य त्याच गोत्रातले!

खरी प्रगती २००२ साली दिसली. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या, खच्ची केलेल्या उंदरांच्या पाठीच्या कातडीखाली नवजात बोकडाच्या व डुकराच्या वृषणाचे तुकडे बसविले. आंब्याचे कलम बांधावे तसेच हे! अशा उंदराच्या मेंदूतळीच्या पोषग्रंथीला ‘पुरे’ म्हणणारे कोणी नसते, म्हणून तिचे संप्रेरक भरमसाट पाझरतात. त्या आज्ञेने परका तुकडा जागा होतो आणि टेस्टोस्टेरॉन बनवू लागतो. ते रक्तात आले की पोषग्रंथी आवरते. उंदराच्या पाठीवर चक्क बोकडाचे शुक्राणू तयार झाले. ऱ्हीसस माकडाच्या पिलाच्या ऊतीत तर ते सात महिन्यांत दिसले. एरवी तीन-चार वर्षे लागतात.

आपल्या देशातही हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने गोठवून ठेवलेली अल्पवयीन चितळाची वृषण-ऊती उंदरांवर वाढवून पाहिली. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वनविहारात आपण पाहतो तोच चितळ. दुर्मिळ प्राण्याचे पिल्लू वयात येण्याआधीच दगावले, तरी त्याचे बीज राखता यावे, हा त्यामागील हेतू.

विषय संकोचाचा खरा. परंतु कर्करोग झालेल्या लहान मुलाच्या आईबापांना तो टाळता येत नाही. तीव्र औषधे व किरणोपचार पुढील अपत्यप्राप्ती हिरावू शकतात, आणि वयात न आलेल्या मुलाचे वीर्य साठविता येत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगात माकडांची बालपणी गोठविलेली ऊती पुढे त्यांच्याच कातडीखाली बसविली. तिच्यातील शुक्राणूंपासून एक मादी पिल्लू जन्मले. मात्र रक्ताच्या कर्करोगात तुकड्याबरोबर रोगपेशीही परत जाण्याचे भय असते. शिवाय ऊती काढावयाची ती शक्यतो उपचार सुरू होण्यापूर्वीच. म्हणून डॉक्टरांना हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा लागतो.