खतावणीची दुसरी बाजू

सन 2021 च्या एप्रिल महिन्यांत आपल्या शहरांतून जो आकांत झाला तो आमच्या वाचकांपैकीं कोणाच्याही विस्मृतींत गेला नसेल. कोरोनाची दुसरी लाट आली होती, रुग्णालयांत खाट मिळत नव्हती, प्राणवायूच्या नळकांड्यांसाठीं लोक रात्र रात्र उभे राहत होते. आणि या सर्वांच्या भरीस आणखी एका वस्तूचा शोध चालला होता. ती वस्तु म्हणजे रोगांतून उठलेल्या माणसाच्या रक्तांतील पिवळसर द्रव, ज्यास डॉक्टरांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सर्व जण प्लाझ्मा म्हणूं लागले होते. डॉक्टरानें चिठ्ठी लिहून द्यावी, आणि घरच्यांनीं रक्तगट जुळणारा, नुकताच बरा झालेला माणूस धुंडीत फिरावें, फोनावर फोन करावे, अनोळखी दारांत जाऊन पदर पसरावा, असा तो प्रकार. ज्यांस दाता मिळाला नाहीं व ज्यांचा माणूस दगावला, त्यांच्या मनांत आपण कोठें तरी कमी पडलों ही टोंचणी अद्यापि आहे. तशीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि आजचा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीं आहे.

कारण ती टोंचणी निराधार आहे; आणि ती निराधार आहे हें कळण्यापुरता पुरावा त्या एप्रिलच्या सहा महिने आधींच छापून प्रसिद्ध झाला होता.

त्याची हकीकत अशी. 2020 च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें देशांतील 39 रुग्णालयांतून मध्यम आजाराचे 464 रोगी घेतले व त्यांचे दोन वर्ग केले. 235 जणांस नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा दिला. 229 जणांस नुसते नेहमीचे उपचार दिले. कोण कोणत्या वर्गांत जाईल हें डॉक्टराच्या मर्जीवर किंवा रोग्याच्या ऐपतीवर न ठेवतां, चिठ्ठ्या टाकाव्यात तसें केवळ दैवावर सोंपविलें. अठ्ठावीस दिवसांनीं हिशेब झाला. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकीं 44 जणांचा आजार विकोपास गेला किंवा ते मरण पावले. न मिळालेल्यांपैकीं 41 जणांची तीच गत झाली. शेंकड्याच्या भाषेंत 19 आणि 18. हा निकाल ऑक्टोबर 2020 मध्यें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकांत आला. सरकारमान्य उपचारांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र 17 मे 2021 रोजीं. मधल्या जवळजवळ सात महिन्यांत, आणि त्यांतही शेवटच्या दोन महिन्यांत, लोकांनीं जी वणवण केली ती आपल्याच देशांत, आपल्याच पैशानें, आपल्याच डॉक्टरांनीं मिळविलेलें उत्तर कोणी वाचलें नाहीं म्हणून केली.

येथें पुष्कळ वाचक म्हणतील कीं, “तुमचे आंकडे राहूं द्या, आमच्या शेजारचे गृहस्थ प्लाझ्मा चढवितांच तिसऱ्या दिवशीं उठून बसले, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.” तें पाहिलें असेल, आम्ही तें खोटें म्हणत नाहीं. परंतु वरच्या हिशेबांतील दुसरा वर्ग पुन्हां पाहावा. प्लाझ्माचा थेंबही न मिळालेले जे 229, त्यांपैकीं 188 जणांचा आजार विकोपास गेला नाहीं, व ते मेलेही नाहींत. या 188 जणांस जर प्लाझ्मा दिला असता, तर त्यांतील प्रत्येकानें व त्याच्या गोतावळ्यानें आजन्म प्लाझ्माचे पोवाडे गाइले असते! इतकेंच काय, त्यांस अंगारा दिला असता तर अंगाऱ्याचे, आणि काढा दिला असता तर काढ्याचे. बहुतेक रोगांतून बहुतेक माणसें उठतात, ही सृष्टीची कृपा. तिचें श्रेय उठण्याच्या आदल्या दिवशीं जें पोटांत गेलें त्यास देण्याची खोड मनुष्यजातीस फार जुनी आहे.

आमच्या व्यापारी वाचकांस ही गोष्ट सांगावी लागूं नये. ज्या दुकानदाराच्या वहींत जमेच्या रकमा तेवढ्या मांडल्या आहेत व नांवेंची बाजू कोरी आहे, त्याच्याशीं ते भागीदारी करतील काय? मग तोच गृहस्थ औषधाची बाटली घेऊन आला, आणि “हजारों लोकांस गुण आला” असें म्हणूं लागला, तर त्यास आपण दुसरी बाजू कां विचारीत नाहीं? हजारांस गुण आला. किती हजारांस दिलें होतें? ज्यांस दिलें नाहीं त्यांपैकीं किती आपोआप बरे झाले? आणि कोणास द्यावयाचें हें कोणीं ठरविलें? शास्त्र शास्त्र म्हणून ज्याचा दरारा वाटतो त्याची पहिली पायरी म्हणजे हे साधे प्रश्न होत. त्यांस दुर्बीण लागत नाहीं कीं रसायनशाळा लागत नाहीं.

ही पद्धति परकी आहे असेंही कोणास वाटूं नये. तिचा एक फार जुना धडा आपल्या मुंबईच्या तुरुंगांत गिरविला गेला आहे. सप्टेंबर 1896 मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वराचे, म्हणजे प्लेगाचे, रोगी ओळखले, आणि थोड्याच महिन्यांत निम्मी मुंबई गांवोगांव पळूं लागली. पाश्चर यांच्या संस्थेंत शिकलेले वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अपुऱ्या जागेंत तीन महिन्यांत लस तयार केली, आणि 10 जानेवारी 1897 रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्या धैर्याची स्तुति सर्वांनीं केली आहे व ती योग्यच आहे. परंतु धैर्यानें लस गुणकारी ठरत नाहीं. हाफकिन मेले नाहींत, एवढेंच त्यावरून सिद्ध झालें. खरी परीक्षा पुढें झाली.

त्याच जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. सुमारें निम्मे कैदी आपखुषीनें लस टोंचून घेण्यास तयार झाले, उरलेल्यांनीं नाकारली. एकच भिंत, एकच अन्न, एकच हवा. पुढें न टोंचलेल्यांपैकीं 12 जणांस रोग झाला व 6 मेले. टोंचलेल्यांपैकीं दोघांस झाला, मेला कोणीही नाहीं. कोणीही दुसरा येथें नगारे वाजवून मोकळा झाला असता. पण या हिशेबांत एक फट होती. जे आपण होऊन पुढें आले ते मुळांतच धडधाकट किंवा अधिक सावध नसतील कशावरून? पुढल्या वर्षीं ती फट बुजली. 1 जानेवारी 1898 रोजीं उमरखाडीच्या तुरुंगांत कैद्यांस अंगणांत ओळीनें बसविलें, आणि वय, जात, प्रकृति कांहीं न पाहतां दर दुसऱ्या माणसास टोंचलें. म्हणजे निवड कैद्याच्या हातीं राहिली नाहीं आणि डॉक्टराच्याही हातीं राहिली नाहीं. रोजच्या हजेरीच्या सरासरीनें न टोंचलेले 127 होते. त्यांत 10 जण आजारी पडून 6 मेले. टोंचलेले 147, त्यांत 3 आजारी, मृत्यु एकही नाहीं. त्याच वर्षीं बडोद्याजवळील उंढेरा गांवीं घराघरांतील निम्मीं माणसें टोंचण्यांत आलीं. पुढें ज्या 28 कुटुंबांत रोग शिरला, त्यांतील न टोंचलेल्या 64 जणांपैकीं 26 दगावले. टोंचलेल्या 71 जणांपैकीं तीन.

ते तीन आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात. ज्यास औषध खपवावयाचें असतें तो हे तीन लपवितो. येथें ते छापले गेले, आणि म्हणूनच उरलेल्या आंकड्यांवर विश्वास बसतो.

बंदिवान माणसास ओळींत बसवून, त्याची अनुमति न विचारतां टोंचणें, किंवा न टोंचतां सोडणें, हें आजच्या नीतींत बसत नाहीं, आणि बसूं नये. 2020 सालच्या प्रयोगांत लेखी संमति घेतलेली होती. परंतु जो आक्षेप नेहमीं निघतो तो निराळा: “निम्म्यांस औषध द्यावयाचें व निम्म्यांस तसेंच ठेवावयाचें, हें क्रौर्य नव्हे काय?” आमचें उत्तर असें कीं, औषध गुणकारी आहे हें आधीं ठाऊक असेल तर तें निःसंशय क्रौर्य होय, ठाऊक नसेल तर नव्हे. प्लाझ्माच्या बाबतींत काय दिसलें? ज्यांस “तसेंच ठेवलें” त्यांचें कांहींही बुडालें नाहीं. उलट प्रयोगाबाहेर ज्यांनीं तो मिळविला त्यांचा पैसा, वेळ व धीर मात्र गेला.

कोणी असें समजूं नये कीं प्लाझ्मा हा अडाण्यांचा खुळेपणा होता. बऱ्या झालेल्याच्या रक्तांत रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें असतात हें खरें आहे. घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून केलेला उपाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच यशस्वी झाला होता. तर्क निर्दोष होता. पण निर्दोष तर्कासही परीक्षेस बसावें लागतें, हेंच तर शास्त्राचें म्हणणें. आमच्या पंडितांस हें फार जड जातें! आपल्या प्रयोगावरही आक्षेप निघाले कीं रोगी थोडे, आणि पुष्कळ पिशव्यांतील द्रव्य दुबळें. त्यांस उत्तर वादानें नव्हे तर अधिक मोठ्या मोजणीनें मिळालें: ब्रिटनमध्यें 11,558 रोग्यांवर तोच प्रयोग झाला, आणि दोन्ही वर्गांत अठ्ठावीस दिवसांच्या आंत शेंकडा 24 मेले. उपयोग दिसत नाहीं म्हणून तेथें जानेवारी 2021 मध्येंच या प्रयोगासाठीं नवे रोगी घेणें थांबविलें.

सरकारच्या शिक्क्यानेंही कांहीं सिद्ध होत नाहीं. प्लेगाच्या पहिल्या वर्षांत अधिकाऱ्यांनीं घाण हेंच रोगाचें मूळ धरून घरांवर जंतुनाशक पाण्याचे बंब सोडले. 1898 मध्यें कराचींत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें दाखविलें कीं उंदराच्या अंगावरील पिसवा रोग नेतात. त्यावर मोठमोठे अधिकारी हंसले. पुढें 1905 पासून नेमलेल्या मंडळानें परळास प्रयोग केले. प्लेगाच्या पिसवा असलेल्या खोलींत जमिनीपासून दोन इंच उंचीवर ठेवलेल्या पिंजऱ्यांत गिनीपिग आजारी पडले. दोन फुटांवर टांगलेले सुरक्षित राहिले, कारण पिसूची उडी तितकी जात नाहीं. हवा दोन्ही पिंजऱ्यांत एकच होती.

प्लाझ्माच्या गोष्टींत दोषाचा वांटा आम्हां वृत्तपत्रकारांचाही आहे, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. एप्रिल 2021 मध्यें “दाता पाहिजे” अशीं आवाहनें कित्येक पत्रांनीं परोपकारबुद्धीनें छापलीं. ऑक्टोबरचा निकाल त्याच पानावर किती ठिकाणीं छापला गेला? वैद्यकीय परिषदेचा निकाल इंग्रजींत निघतो, तो डॉक्टरांच्याही सर्वांच्या हातीं वेळेवर पडत नाहीं, मग त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन धांवणाऱ्यांच्या कोठून पडणार? सरकारी पैशानें झालेल्या प्रत्येक औषधप्रयोगाचा निकाल, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, मराठींत, दोन परिच्छेदांत व दोन्ही वर्गांच्या आंकड्यांसह, निकालाच्याच आठवड्यांत प्रसिद्ध करण्यास सरकारला कोणतीही अडचण दिसत नाहीं. नगरपालिकांच्या दवाखान्यांत लावण्याच्या फलकांस जागा मुबलक आहे. आणि आमच्या शहरांतील जे धनिक धर्मादाय औषधालयांस देणग्या देतात, त्यांस विनंति एवढीच कीं, एखाद्या नव्या उपायासाठीं कोणी पैसे मागावयास आला, तर त्याच्या प्रशस्तिपत्रांची चवड बाजूस ठेवून, ज्यांस तो उपाय दिला नव्हता त्यांचे आंकडे आधीं मागावे.