‘जरी’ आला म्हणून ‘बट’ नको

मराठीत ‘जरी’ आला की मागोमाग ‘तरी’ येतोच. ‘जरी पाऊस होता, तरी तो शाळेत गेला’ ह्या वाक्यातील ‘तरी’ काढला, तर वाक्य लंगडे होते. ह्याच सवयीने आपली मुले इंग्रजीत लिहितात, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही वेंट टु स्कूल.’ इंग्रजीला ही जोडी खपत नाही. ‘ऑल्दो’ने पहिले वाक्य गौण केले की दुसरे आपोआप मुख्य ठरते, ‘बट’ मात्र समान दर्जाची वाक्ये जोडतो. तेव्हा दोहोंपैकी एकच ठेवावा. अगदीच राहवत नसेल, तर ‘बट’च्या जागी ‘येट’ चालतो, कारण तेथे तो क्रियाविशेषण असतो.

‘हाउएव्हर’चा अर्थही ‘परंतु’च, तथापि तो उभयान्वयी अव्यय नव्हे. दोन वाक्यांमध्ये तो आला, तर त्यापूर्वी स्वल्पविरामाने भागत नाही. अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा.

ह्या चुका शिक्षक तांबड्या शाईने दाखवितात. ‘बट’च्या स्थानाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि खरे नुकसान तेथेच होते. शिफारसपत्रात ‘स्लो बट केअरफुल’, म्हणजे सावकाश पण काळजीपूर्वक काम करणारा, असे लिहिले, तर उमेदवाराविषयी विश्वास वाटतो. तेच शब्द उलटवून ‘केअरफुल बट स्लो’ लिहिले, तर अर्ज बाजूला पडण्याची भीती! गुण तोच, दोषही तोच. भार ‘बट’नंतरच्या शब्दावर पडतो. आपल्या ‘पण’चेही असेच आहे. ‘आळशी पण हुशार’ आणि ‘हुशार पण आळशी’ ह्यांपैकी आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात कोणता शेरा असावा, हे कोणतीही आई सांगेल.