मधल्या शांततेचा घात

पाच-सहा महिन्यांचे गुटगुटीत मूल. आठवड्यापूर्वी त्याला सर्दीपडसे झाले होते, ते ओसरले. आज एकाएकी ते पाय पोटाशी घेऊन किंचाळू लागते, चेहरा पांढराफटक पडतो आणि दोन-चार मिनिटांत सारे शांत होते. आजी दृष्ट काढते, शेजारीण दात येत असतील म्हणते, कोपऱ्यावरचा औषधविक्रेता ग्राइप वॉटरची बाटली पुढे करतो. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तीच किंकाळी! मग उलटी. एवढ्यात मूल थकून झोपी जाते आणि घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात.

आजीला वा शेजारणीला दोष देण्यात अर्थ नाही. एरवी बहुतेक वेळा त्यांचेच बरोबर ठरते. घात होतो तो ह्या मधल्या शांततेने.

ह्या विकाराला डॉक्टर ‘इंटससेप्शन’ म्हणतात. जुन्या दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. बहुधा लहान आतड्याचा शेवट मोठ्या आतड्यात. तान्ह्या मुलांत त्याचे निश्चित कारण बहुतेकदा हाती लागत नाही; परंतु अडेनोव्हायरससारख्या विषाणूंशी त्याचे नाते दिसून आले आहे. लहान आतड्याच्या भिंतीत रोगाशी झुंजणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. विषाणूशी सामना करताना ते सुजतात, पोकळीत पुढे येतात आणि अन्न पुढे ढकलणारी आतड्याची लाट त्या फुगवट्यालाच ओढून नेते, असे मानले जाते. नाक वाहायचे थांबले म्हणजे पोटातील सूजही उतरली, असे नव्हे!

कळ लाटेबरोबर येते आणि लाटेबरोबर ओसरते. अडकलेले आतडे मात्र अडकलेलेच असते. त्याच्याबरोबर आत ओढल्या गेलेल्या रक्तवाहिन्या आवळत जातात, आतडे सुजते, रक्त पाझरते आणि जेलीसारखी तांबडी शौच होते. पुस्तकातील ही प्रसिद्ध खूण वस्तुतः उशिराची खूण आहे. तिची वाट पाहणे म्हणजे आतडे सडण्याची वाट पाहणे होय. त्यातही ती दिसली की रक्ती आव समजून जुलाबाची औषधे सुरू होतात, आणि हाती उरलेले तासही निघून जातात.

वेळेत निदान झाले तर उपाय साधा आहे, हीच यातील चीड आणणारी गोष्ट! सोनोग्राफीत हा विकार सहसा स्पष्ट दिसतो. गुदद्वारातून हवा किंवा मिठाचे पाणी बेताच्या दाबाने सोडले की बहुतेक मुलांचे आतडे पोट न फाडता पूर्वस्थितीत येते. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनी पाण्याच्या दाबाच्या ह्या उपचाराचे अनुभव 1876 सालीच प्रसिद्ध केले होते. उशीर झाला तर मात्र शस्त्रक्रिया, आणि कधी आतड्याचा तुकडाच काढावा लागतो.

रोटाव्हायरसच्या लशीचे नाव ह्या विकाराशी जोडले जाते, म्हणून दोन शब्द. अमेरिकेत 1998 साली आलेली पहिली लस याच कारणाने 1999 मध्ये मागे घेण्यात आली, हे खरे. पण आजच्या लशी निराळ्या आहेत. 2016 पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आलेल्या भारतीय लशीची मोठी पाहणी 2020 साली प्रसिद्ध झाली. तीत ह्या विकाराचा धोका वाढल्याचे आढळले नाही. तेव्हा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस भीतीपोटी चुकवू नयेत.

पालकांनी किंकाळ्यांमधील अंतर घड्याळात पाहावे आणि ते डॉक्टरांना सांगावे. डॉक्टरांनीही तपासणीच्या वेळी मूल शांत आहे एवढ्यावरून त्याला घरी पाठवू नये. परंतु रात्री दोन वाजता घाबरलेल्या आईने जावे कोठे? शहरातील कोणत्या सार्वजनिक रुग्णालयात त्या वेळी सोनोग्राफी करणारा तज्ज्ञ आणि बालशल्यचिकित्सक हजर असतो? पालिकेच्या आरोग्य खात्याने ही यादी प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक लसीकरण केंद्राच्या दारावर लावावी. यादीत एकच नाव निघत असेल, तर तेही नागरिकांना कळू द्यावे.